फोटोओळ

रात्री साडेदहाच्या सुमाराला ऑपरेटर हाक मारायचा, "ताई, पाच नंबरला तळाशी दोन कॉलम मोकळे राहिले. काहीतरी द्या."

ते काहीतरी देणं हे माझं काम. 2010 साली मी धुळ्याहून जळगावला आले आणि एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून बसले. डाक आवृत्तीचं पान साडेअकराला सोडावंच लागे, कारण चोपडा, यावल, रावेरकडे जाणाऱ्या गाड्या पेपरसाठी थांबत नाहीत. बाजारभाव बसले, निधनवार्ता बसल्या, तालुक्याच्या बातम्या बसल्या की उरलेल्या जागेत माझी चौकट जायची. तिच्यात जगभरातलं अजब असे. व्हिएन्नात एक वाद्यवृंद आहे, तो गाजर, भोपळा, कांद्याची पात यांपासून वाद्यं करतो आणि मैफल संपली की त्याच जातीच्या भाज्यांचं सूप श्रोत्यांना देतो. 1998 पासून त्यांचं हे चालू आहे. क्रोएशियात झादर या गावी किनाऱ्यावरच्या पायऱ्यांखाली नळ्या बसवल्यात, लाट आली की सूर निघतात. जपानमधला तात्सुया तानाका 2011 पासून रोज एक छायाचित्र टाकतो, त्यात ब्रोकोलीचा तुरा झाड होतो आणि नखाएवढी माणसं त्याच्या सावलीत बसतात.

हे सगळं मी संगणकावर शोधायचे आणि मनापासून शोधायचे. चार-पाच वर्षांत असे शेकडो तुकडे छापले. पारोळ्याचे एक शिक्षक ते शाळेच्या फळ्यावर लिहून काढत. त्यांचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं, अजून तिथंच आहे. रोजच्या पानावर अपघात, चोरी, केळीचा पडलेला भाव, पाणीटंचाई. त्यांच्या खाली एक गाजराची बासरी वाजत असली तर वाचणाऱ्याला बरं वाटतं, असं मला तेव्हाही वाटे, आजही वाटतं.

पण चौकटीला जागा ऐंशी शब्दांची. मथळा पाच-सहा शब्दांचा आणि फोटोखाली एक ओळ. या मापात मजकूर बसवताना काय कापलं जातं हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. झादरच्या पायऱ्यांचंच घ्या. तिथं संगमरवरी पायऱ्यांच्या पोटात 35 नळ्या आहेत. लाटेनं आत ढकललेली हवा नळीच्या तोंडाशी शिटीसारखी वाजते, प्रत्येक नळीची लांबी-रुंदी वेगळी म्हणून सूर वेगळा, आणि सूर एकमेकांशी जुळावेत म्हणून मापं आधी ठरवलेली. निकोला बाशिच या वास्तुरचनाकारानं 2005 साली हे उभं केलं. माझ्या चौकटीत मथळा गेला, 'समुद्र गातो!' नळ्या कापल्या गेल्या. बाशिच कापला गेला. उरलं ते आश्चर्य, आणि ते कुणाच्याच हातचं नसल्यासारखं.

त्या रात्री हे खटकलं नव्हतं. खटकायला चाळीसगावहून फोन यावा लागला.

पहिल्या पानाच्या तळाला जी मोठी खास बातमी जाते तिला आम्ही अँकर म्हणतो. 2014 च्या हिवाळ्यात एकदा ऐनवेळी अँकर पडला आणि मला विचारण्यात आलं. मी केकी मूस यांच्यावर लिहिलं. तासाभरात, जागेवरून न हलता. पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म 2 ऑक्टोबर 1912 चा, मुंबईतला, पारशी घराण्यातला. इंग्लंडमध्ये शेफिल्डला कलेचं शिक्षण. मग चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या दगडी बंगल्यात जवळपास पन्नास वर्षं मुक्काम आणि 31 डिसेंबर 1989 ला तिथंच शेवट. या काळात ते घराबाहेर पडले ते मोजक्या वेळा. विनोबांचा फोटो काढायला बाहेर पडले होते, असं चाळीसगावात सांगतात. आणि मग ती गोष्ट, जी सगळ्यांना ठाऊक असते: तरुणपणी एका मुलीनं रेल्वेनं येईन असा शब्द दिला होता, म्हणून रात्रीची मेल यायच्या वेळी ते दारं-खिडक्या उघडत, दिवे लावत, दोघांचं ताट मांडत. मी साडेतीनशे शब्द लिहिले. त्यांतले अडीचशे त्या ताटावर गेले. मथळ्यात 'प्रतीक्षा' हा शब्द होता. छायाचित्रांबद्दल दोन वाक्यं होती. टेबलटॉप छायाचित्रणात त्यांचं मोठं नाव झालं, त्यांना देशापरदेशांतून पारितोषिकं मिळाली, बस.

अँकर गाजला. सकाळपासून फोन येत होते, सगळे कौतुकाचे. दुपारी एक फोन आला, आवाज म्हाताऱ्या माणसाचा, संथ.

"ताई, तुमनी बातमी वाची. त्यामा मूससाहेबना फोटो कोठे शेतस?"

मी म्हणाले, "नाना, जागा नव्हती." (नाव त्यांनी सांगितलं होतं, पण आमच्याकडे त्या वयाच्या माणसाला नाना नाहीतर आबा म्हटलं जातं, तसं ते माझे नाना झाले ते झालेच.) त्यांनी पुढं विचारलं, "तुम्ही घर देखं का?"

"नाही."

"मंग एकदाव या ना."

त्यांनी एवढंच म्हटलं. आवाजात राग नव्हता. ठेवताना मात्र म्हणाले की तुम्ही महिन्यापूर्वी जपानी माणसाचं ब्रोकोलीचं झाड छापलं होतं, फार चांगलं होतं, मी कापून ठेवलंय. तेव्हा माझा चेहरा गरम झाला. टेबलावर बोटभर वस्तू मांडून अख्खं जग उभं करणारा माणूस माझ्याच जिल्ह्यात पन्नास वर्षं काम करून गेला होता. त्याच कामासाठी मी जपानला चौकट दिली आणि चाळीसगावला फक्त ताट दिलं.

पुढच्या सुट्टीत आईला भेटायला धुळ्याला गेले आणि तिथून सकाळच्या गाडीनं चाळीसगावला निघाले. बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा. लहानपणी या गाडीला आम्ही नुसतं 'चाळीसगाव पॅसेंजर' म्हणायचो. खिडकीतून कापसाची काढून झालेली शेतं आणि बांधावर रचलेली पऱ्हाटी दिसत होती. नाना स्टेशनावर घ्यायला आले होते. पायजमा, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. आयुष्यभर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, बारशी, शाळेचे ग्रूप फोटो. आता मुलगा बघतो.

मूसांचा बंगला आता कलादालन म्हणून जपलेला आहे. त्यांनी घराला रेम्ब्रांटचं नाव दिलं होतं, 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. का दिलं ते नानांनी मला एका व्यक्तिचित्रापुढं उभं करून समजावलं. उजेड एका बाजूनं आणि जरा वरून येतो. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात जाते, पण अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडतो. तेवढ्या त्रिकोणानं अंधारातला डोळा जिवंत राहतो. सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराच्या चित्रांत हे दिसतं आणि फोटोग्राफर अजून याला त्याच्याच नावानं ओळखतात. "आम्ही लग्नात नवरीचा फोटो काढायचो तेव्हा दोन्हीकडून दिवे मारायचो," नाना म्हणाले, "सगळं दिसायचं आणि काहीच दिसायचं नाही." आम्ही दोघंही बराच वेळ त्या त्रिकोणाकडं बघत राहिलो.

मग टेबलटॉप. मी त्या छायाचित्रांपुढं उभी राहिले आणि कुणी सांगितलं नसतं तर ही टेबलावर मांडलेली दुनिया आहे हे मला कळलं नसतं. तिथं मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हे कसं करतात. अँकर लिहिताना तो पडलाच नव्हता. नानांना विचारलं तर म्हणाले, "सांगून नाही समजायचं. घरी करून बघा. चुकलं की मला दाखवा."

मे महिन्यात केलं. जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला. जेवणाच्या टेबलावर काळी चादर अंथरली, तिच्यावर मिठाची टेकडी केली, ती बर्फाची. पऱ्हाटीची बारकी फांदी मोडून आणली, ती निष्पर्ण झाड. काडेपेटीचं झोपडं, त्यावर केरसुणीच्या काड्यांचं छप्पर. मागं निळा कार्डशीट. उजेडाला दोन टेबललॅम्प. फोटो मोबाइलवर काढला. दिसलं काय, तर टेबलावर सांडलेलं मीठ आणि त्यात खोचलेली काडी.

नानांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला आणि मग तो उन्हाळाभर येत राहिला. एकेक फोन म्हणजे एकेक धडा.

पहिला धडा उजेडाचा. झाडाच्या दोन सावल्या पडल्या होत्या. "ताई, तुमच्या गावात दोन सूर्य आहेत का?" दिवा एकच हवा आणि तो लांब हवा. सूर्य लांब असतो म्हणून त्याच्या सावल्या एकमेकींना समांतर पडतात. दिवा जवळ ठेवला की त्या पंख्यासारख्या फाकतात आणि बघणाऱ्याला नेमकं कारण कळत नसलं तरी डोळा सांगतो की हे खोटं आहे. एक लॅम्प काढला, दुसरा दाराबाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवला.

दुसरा कॅमेऱ्याच्या उंचीचा. मी उभी राहून फोटो काढत होते. बर्फातल्या त्या गावात माणूस असता तर तो काडेपेटीच्या निम्म्या उंचीचा असता, त्याचे डोळे जिथं असते तिथं भिंग हवं. म्हणजे कॅमेरा टेबलाला टेकवायचा आणि आपण जमिनीवर गुडघे टेकायचे. हे केल्याबरोबर मिठाच्या ढिगाचा डोंगर झाला. नुसत्या उंचीनं झाला. मी तशीच गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा बघत होते.

तिसरा धडा अवघड. अगदी जवळच्या वस्तूवर भिंग रोखलं की तेवढीच बारीक रेघ स्पष्ट येते आणि पुढचं-मागचं धुरकट होतं. खऱ्या डोंगराचा फोटो काढताना असं होत नाही, सगळंच लांब असतं. म्हणून हे धुरकट दिसलं की वस्तू लहान आहे हे लगेच उघडं पडतं. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचं छिद्र होईल तितकं बारीक करायचं. छिद्र बारीक झालं की उजेड कमी येतो, मग शटर कितीतरी सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ टेबलावरचं काहीही हलता कामा नये. यासाठी मोबाइल उपयोगाचा नव्हता. नानांनी मुलाचा कॅमेरा आणि तिकाटणं एका ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती पाठवून दिलं.

चौथा धुक्याचा. लांबचं फिकट दिसतं, म्हणून झोपडं आणि मागचा डोंगर यांच्यामध्ये धूर हवा. अगरबत्तीचा धूर चालतो, पण हवा अगदी स्थिर पाहिजे. पंखा बंद. कूलर बंद. खिडक्या बंद. जळगावचा मे महिना, बंद खोली, गुडघ्यांवर बसलेली मी आणि सेकंद मोजणं. श्वास बाजूला सोडायचा. कपाळावरचा एक थेंब मिठावर पडला आणि टेकडीला भोक पडलं. पुन्हा मांडणी. त्या दुपारी साडेचार तास गेले आणि हाताला लागली सात छायाचित्रं, त्यांतलं एक बरं.

त्या एकातही मीठ मीठच दिसत होतं. ते का, हे मला कळेना.

मूस यांच्या वेळी पडद्यावर लगेच बघायची सोय नव्हती. फिल्म धुऊन, कागदावर उतरवून मगच चूक कळायची, आणि मांडणी तोवर तशीच जपावी लागायची. बंद घरात पन्नास वर्षं राहिलेला माणूस म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. त्या दुपारी माझ्या बंद खोलीत मला वाटलं की हे काम करायचं तर दार बंदच ठेवावं लागतं. त्या प्रेमकथेत किती खरं, किती चाळीसगावनं मायेनं रचलेलं, याच्याशी मला आता फारसं घेणं नाही. ती खरी असेल तर तिचा मान आहे. पण ती आधी सांगितली की ऐकणारा तिथंच थांबतो आणि मिठापर्यंत पोचतच नाही, हे मी माझ्या हातानं घडवलेलं होतं.

एकदा हे दिसलं की इतर ठिकाणीही दिसायला लागतं. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारनं 1844 मध्ये त्यांना नेमलं. पुढची कितीतरी वर्षं ते लेण्यांतल्या अंधारात भिंतीसमोर उभे राहून मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात एकेक आकृती उतरवत होते. त्या नकला लंडनला गेल्या, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि 1866 च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल यांनी तोवर कॅमेरा हाती घेतला होता. फर्ग्युसन यांचं भारतातल्या लेण्यांवरचं 1864 चं पुस्तक गिल यांनी काढलेल्या 74 छायाचित्रांवर उभं आहे. 1879 मध्ये ते वारले.

आणि आपल्याकडे गिल म्हटलं की काय आठवतं? पारो, त्यांची प्रेयसी. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर दीर्घकाव्य लिहिलं, 2012 साली चित्रपट आला, अजिंठा गावात पारोची समाधी दाखवतात. काव्याला प्रेमकथा हवी, ते मी समजू शकते, आणि महानोरांचा तो हक्कच आहे. माझ्या चौकटीला मात्र तो हक्क नव्हता. मीही 'पारोचा साहेब' असाच मथळा दिला होता. भुसावळच्या कबरीपाशी मी गेले ती चाळीसगावनंतर, आणि घरी येऊन गिल यांच्यावर पुन्हा लिहिलं. या वेळी सुरुवात आगीपासून केली. वीस-बावीस वर्षांचं काम गेल्याची बातमी समुद्रापलीकडून त्या माणसाला कळली असेल, तो दिवस कसा गेला असेल, हे मला प्रेमकथेहून मोठं वाटतं.

मालेगावचं तर मला अजून बोचतं. मालेगाव नाशिक जिल्ह्यात, पण धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर आणि आसपासच्या खेड्यांत अहिराणीच बोलतात. यंत्रमागांचं गाव. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला आणि पुढं सुपरमॅनलाही मालेगावात आणलं. त्यावर फैजा अहमद खान यांनी 2008 साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट काढला. आमच्या डेस्कवर हा विषय आला की सगळ्यांना आधी हसू फुटे: काडीपैलवान सुपरमॅन, अंगावर शिवून घेतलेला पोशाख. मी मथळाही तसाच हसरा दिला.

मग एका रात्री तो माहितीपट सलग बघितला. नासिर यांना कॅमेरा सरकता हवा आहे, रूळ नाहीत, म्हणून कॅमेरा सायकलवर. कॅमेरा वर उचलायचा आहे, क्रेन नाही, म्हणून बैलगाडीचं एक टोक खाली दाबायचं आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस कॅमेऱ्यासकट वर जातो. सुपरमॅन उडायला हवा म्हणून ट्रकच्या बाजूला हिरवं कापड ताणायचं. सुपरमॅन झालेला शफिक यंत्रमाग कामगार होता. हे सगळं जुळवणाऱ्या नासिर यांना उत्तोलक, तरफ हे शब्द कुणी शिकवले नव्हते, पण तरफ त्यांच्या हातात होती. आता त्याच गोष्टीवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' काढला, तो 2024 ला टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि 2025 मध्ये आपल्याकडे लागला. मी धुळ्याला भावाबरोबर बघितला. शेजारच्या खुर्चीत मालेगावचे एक चाचा बसले होते, ते शेवटी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही उभी राहिले.

अहिराणी गाण्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर एक वेगळाच लेख होईल. 'हाई झुमकावाली पोर' इंटरनेटवर कोट्यवधी वेळा बघितलं गेलं तेव्हा कुणीतरी मला म्हणालं, हे तुझ्या अजबमध्ये टाक, गावठी गाणं जगभर. अहिराणी ही माझ्या आईची बोली. ती अजब कशी? मी ते चौकटीत टाकलं नाही, एका शूटिंगवर गेले. शिरपूरकडं एका शेतात, सकाळी सातला. ब्ल्यूटूथ स्पीकरवर गाणं लावायचं, चार पावलं नाचायचं, थांबायचं, पुन्हा तेच. पऱ्हाटीचे खुंट पायात घुसत होते म्हणून मुली चपला घालून नाचायच्या आणि कॅमेरा गुडघ्यांच्या वरच ठेवायचा असं ठरलं. दोन ओळींसाठी दोन तास. नाच बसवणारा मुलगा आठवडाभर बेंजो पार्टीत ऑर्गन वाजवतो आणि रविवारी हे करतो.

बारागाड्यांचंही तसंच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), यात्रेला खानदेशात गावोगाव बारागाड्या ओढतात. दरवर्षी तीच फोटोओळ जाते: भगतानं एकट्यानं बारा गाड्या ओढल्या. श्रद्धेनं बघणाऱ्यांना मी नमस्कार करते. पण एकदा गर्दीतून गाड्यांच्या बाजूनं चालत गेले तर दिसले ते बगले, भगताला दोन्हीकडून सावरणारे. प्रत्येक गाडीचं जू धरून ती सरळ ठेवणारे दिसले, आणि चाकाखाली कुणाचं पोर जाऊ नये म्हणून काठ्या आडव्या धरून धावणारे. आदल्या दिवशी आखांना वंगण घालणारे तर कुणाच्याच फोटोत नसतात. त्या वर्षी फोटोओळीत 'भगत आणि त्यांचे बगले' असं मी लिहिलं आणि त्या गावातून सात फोन आले.

चौकट अजून माझ्याकडेच आहे. ऐंशी शब्दांचे मी भांडून दीडशे करून घेतले. रात्रीचं भांडण होतं, जाहिरातवाले एका बाजूला, मी एका बाजूला. आता मजकूर लिहायला घेताना पहिलं वाक्य कसं केलं याचं असतं. करणाऱ्याचं नाव मिळालं नाही तर ती चौकट मी त्या दिवशी थांबवते, कितीही गमतीची असली तरी. आठवड्यातून एकदा आमच्याच दोन जिल्ह्यांतलं काहीतरी, आणि ते बघून आल्याशिवाय नाही. झुलत्या मनोऱ्यांसाठी फरकांड्याला जाऊन आले, उनपदेवच्या गरम झऱ्यात हात घालून आले.

मूस यांच्यावरही पुन्हा लिहिलं, पुरवणीत, पानभर. नानांकडून तांत्रिक बाजू तपासून घेतली. मेलची आणि ताटाची गोष्ट शेवटच्या परिच्छेदात, चार ओळींत.

यंदा मे मध्ये पुन्हा टेबल रिकामं केलं. त्याच खोलीत, पंखा बंद करून. झोपडं तेच, फांदी नवी. दिवा पॅसेजमध्ये. बावीस सेकंदांचं एक्स्पोजर. या वेळी मांडणी बघायला आलेली शेजारची मुलगी पडद्यावरचा फोटो बघून म्हणाली, "मावशी, हे कुठलं गाव आहे?" मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. सकाळी मोठा प्रिंट काढला आणि पहिल्या गाडीनं चाळीसगावला घेऊन गेले.

नाना आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांनी प्रिंट खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी आणला. कितीतरी वेळ बघत राहिले. सावली बघितली, झाडाचं टोक बघितलं, धूर बघितला. मग टेकडीच्या कडेला, जिथं उजेड पडून कण चमकत होते, तिथं नख टेकवलं. हाताला कंप होता, नख मात्र नेमक्या जागी होतं. मिठाचा कण चौकोनी असतो, प्रत्येक कणाची एक बाजू आरशासारखी उजेड परतवते. या मापाच्या गावात तो एकेक कण म्हणजे डोक्याएवढा दगड.

"मीठ आखो बारीक वाटा, ताई," नाना म्हणाले.